पाचवीत गप्प झालेली मुलं

जून महिन्यात पाचवीच्या वर्गावर गेले की सरकारी मराठी शाळेतून आलेली मुलं मला पहिल्या दोन दिवसांतच ओळखता यायची. गणवेश सगळ्यांचा सारखा, दप्तरंही साधारण सारखीच. पण हजेरीला 'प्रेझेंट टीचर' म्हणण्याआधी ही मुलं शेजारच्याच्या तोंडाकडे बघून घ्यायची. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका हायस्कुलात मी 31 वर्षं शिकवलं. मराठी हा माझा विषय. पण गावाकडच्या हायस्कुलात एका विषयावर भागत नाही, त्यामुळे बरीच वर्षं पाचवी-सहावीचा इतिहास-भूगोलही माझ्याकडे असायचा. मराठीच्या तासाला ही मुलं हात वर करता करता बाकावरून अर्धी उठायची. सुट्टीनंतर मी भूगोलाचं इंग्रजी पुस्तक उघडलं की त्याच बाकांवरच्या त्याच माना खाली जायच्या.

एक मुलगी अजून डोळ्यांपुढे आहे. साखळीच्या अलीकडे, वाळवंटी नदीच्या काठावर तिचं घर. गोव्यातल्या नद्या कुठल्या दिशेला वाहतात, असं मी इंग्रजीत विचारलं आणि ती नुसती बघत राहिली. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा नाव घेऊन विचारलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले. सुट्टीत तिला व्हरांड्यात बोलावलं आणि कोंकणीत विचारलं. मग ती थांबेचना. पावसात पाणी कुठल्या बाजूनं चढतं, देवळाच्या कितव्या पायरीला लागलं की बाप गोठ्यातली गुरं सोडतो, पुराच्या वेळीच भरती असली तर पाणी उतरायला का वेळ लागतो, सगळं तिला ठाऊक होतं. पुस्तकात चार ओळी होत्या, तिच्याकडे अख्खी नदी होती. त्या सहामाहीत ती भूगोलात नापास झाली. पेपर मीच तपासला होता.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण माझी मुलगी. तिचा मुलगा आता पहिलीत जायचा होता. गेल्या वर्षी गणेश चवथीला सगळे घरात असताना, गणपतीवरच्या माटोळीची फळं बांधून झाल्यावर, शाळेचा विषय निघाला. मी सहज म्हटलं, गावातली आपली शाळा आहेच की. तू तिथेच शिकलीस. मुलगी काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "आई, पाचवीत गेल्यावर सहा महिने मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. ती माझ्याच हायस्कुलात होती, माझ्याच नजरेसमोर. तिच्या तुकडीला मी फक्त मराठी शिकवायचे, आणि मराठीच्या तासाला ती बोलायची. बाकीच्या सहा तासांत माझी मुलगी कोण होती, ते मी कधी पाहिलंच नाही. व्हरांड्यात बोलावून कोंकणीत विचारायला तिला तिची कुणी टीचर भेटली की नाही, हे त्या दिवशी विचारायचा धीर मला झाला नाही.

आम्ही घरात कोंकणीच बोलतो. लिहायला बसलो की मराठी येते. गोव्यातल्या हजारो घरांत हे असंच आहे, आणि आम्हाला त्यात कधी काही विचित्र वाटलं नाही. माझ्या वडिलांना मराठी अक्षरं देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरू उतरतात तिथे, मिळाली. पोर्तुगीज राज्य होतं. सरकारी शाळा पोर्तुगीज, आणि मराठी शाळा लोकांनी आपल्या आपण चालवायची. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचं नाव वडील नेहमी हात जोडल्यासारखं घ्यायचे. 1908 सालची ती संस्था. घरोघरी रोजच्या भाताच्या तांदळांतली एक मूठ बाजूला काढायची आणि त्यातून शाळा चालवायची, हे त्या नावाचंच मूळ. ती एक मूठ काढून ठेवणाऱ्या बायकांनी त्या तांदळांतून आपल्याच मुलाची फी वजा करून मागितली नसेल. तांदूळ एका जागी जमले आणि शाळा सगळ्यांची झाली. शाळेसाठी काढलेला पैसा म्हटला की माझ्या मनात आजही पहिल्यांदा तीच मूठ येते.

मुक्तीनंतर ती मूठ सरकारच्या हातात आली. भाऊसाहेब बांदोडकर डिसेंबर 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शिकवायला माणसं पुरेनात, म्हणून महाराष्ट्रातून मास्तर आले. त्यावरून पुढे राजकारणही पुष्कळ झालं, कारण गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही हा प्रश्न तेव्हा धगधगत होता आणि 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात लोकांनी विलीनीकरण नाकारलं. ते काहीही असो. आमच्या वाड्यावर कुळांच्या, भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर असलेल्या मुंडकारांच्या, देवळाच्या पायरीखाली उभ्या राहणाऱ्यांच्या घरांतली मुलं पहिल्यांदा पाटी घेऊन बसली ती त्या शाळेत. माझी आई निरक्षर होती. मी एम. ए. झाले. मधली वाट त्या दोन खोल्यांच्या शाळेतून गेली आहे, म्हणून तिच्याबद्दल मला तटस्थपणे बोलता येत नाही, आणि तसं बोलायची इच्छाही नाही.

पण मुलीनं त्या दिवशी पुढे जे विचारलं त्यानं माझी बरीच वर्षांची समजूत हलली. ती म्हणाली, "तुला पगार कुठल्या शाळेतून मिळाला, आई?"

मी खाजगी संस्थेच्या, ग्रँटवर चालणाऱ्या, इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात होते. माझा सगळा पगार सरकारच्या तिजोरीतून आला.

गोव्याबाहेरच्या वाचकाला हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्याकडे पहिली ते चौथीच्या बहुतेक सरकारी शाळा मराठी माध्यमाच्या, काही कोंकणी. पाचवीपासून पुढची हायस्कुलं मात्र मोठ्या संख्येनं खाजगी संस्थांची. इमारत संस्थेची, शिक्षक नेमणार संस्था, पगार देणार सरकार. आणि ही हायस्कुलं जवळपास सगळी इंग्रजी माध्यमाची. या ग्रँटवर कधी मोर्चा निघाला नाही. गोव्यात जे भांडण तीन दशकं चाललं ते फक्त पहिल्या चार वर्षांवर.

1990 साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारनं ठरवलं की प्राथमिक शाळेला ग्रँट हवी असेल तर माध्यम इथल्या भाषेचं असलं पाहिजे. चर्चच्या संस्थेनं तेव्हा आपल्या अनेक प्राथमिक शाळा इंग्रजीतून कोंकणीत नेल्या, तेही देवनागरी कोंकणीत, जी लिपी त्या ख्रिस्ती घरांत फारशी नव्हती. ज्यांना परवडत होतं त्यांनी मुलांना विनाअनुदानित इंग्रजी शाळांत घातलं आणि फी भरली. 2011 मध्ये दिगंबर कामत यांच्या सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांनाही ग्रँटचं दार उघडलं. एका बाजूला इंग्रजीसाठी ग्रँट मागणारे पालक, त्यांचा 'फोर्स' हा मंच. दुसऱ्या बाजूला ग्रँट फक्त इथल्या भाषांना हवी म्हणणारा भारतीय भाषा सुरक्षा मंच, त्यात संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर आणि पुन्हा शशिकलाताई. 2012 ला सरकार बदललं. मनोहर पर्रीकरांनी ग्रँट बंद केली नाही, ती अल्पसंख्याक संस्थांच्या चालू शाळांपुरती राहू दिली. त्यावरून 2016 मध्ये वेलिंगकरांना संघाच्या पदावरून जावं लागलं आणि वेगळा पक्ष निघाला. हे सगळं वर्तमानपत्रांत भरपूर छापून आलं आहे, मी त्यात फार वेळ घालवत नाही.

मी भाषा सुरक्षा मंचाच्या सभांना गेले होते. घोषणा दिल्या होत्या. पहिल्या चार वर्षांत मुलाच्या तोंडची भाषाच वर्गात असावी, हे मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पूर्ण पटतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलेलं आहे, 2020 च्या राष्ट्रीय धोरणात निदान पाचवीपर्यंत तसं असावं असं म्हटलं आहे. यासाठी मला कुठल्या धोरणाचा आधार लागत नाही. वाळवंटीकाठची ती मुलगी मला पुरेशी आहे.

पण त्या सभांत एक गोष्ट कुणी बोललं नाही, आणि मीही बोलले नाही. चौथीपर्यंत मराठी म्हणणारे आम्ही, पाचवीच्या दारात काय आहे याकडे पाठ करून उभे होतो. तिथे एक भिंत होती आणि ती सरकारी पैशानंच बांधलेली होती. त्या भिंतीवरून चढायला शिडी ठेवण्याचं काम दहा वर्षांच्या मुलाकडे दिलेलं होतं. ज्या पालकांना ती भिंत दिसली त्यांनी आपल्या मुलाला पहिल्यापासूनच भिंतीच्या पलीकडे नेऊन ठेवलं. मग आम्ही त्यांना म्हटलं, तुम्हाला आपल्या भाषेचं प्रेम नाही.

या वादात 'पालकांची निवड' हे शब्द दोन्ही बाजूंनी वापरतात. एक बाजू म्हणते, निवड पालकांची आणि पैसा त्या निवडीमागून जावा. दुसरी म्हणते, निवडायचं तर निवडा, पण स्वतःच्या खिशातून. निवड आधी घरात जन्माला येते आणि पैशाचा प्रश्न नंतर, असं दोघेही धरून चालतात. मला 31 वर्षांत उलटं दिसलं. पैसा आधी गेला, निवड त्याच्या मागून गेली. हायस्कूल इंग्रजी झालं, मग प्राथमिक इंग्रजी हवं झालं. ज्या आवारात हायस्कूल त्याच आवारात प्राथमिक विभाग निघाला, तेव्हा पाचवीचा प्रवेश पक्का व्हावा म्हणून लोक पहिलीतच तिथे घालू लागले. सरकारनं अनुदानित शाळांना बालरथ नावाच्या बस दिल्या, चालकाचा आणि मदतनिसाचा पगार दिला. चांगलीच योजना, तिच्यामुळे किती मुली शिकल्या ते मी पाहिलं आहे. पण ती पिवळी बस आमच्या वाड्यावर येऊन थांबते ती सरकारी प्राथमिक शाळेच्या फाटकासमोर, कारण वळायला जागा तिथेच आहे. आईबापांना रोज सकाळी काय दिसतं? एका बाजूला गळकी कौलं आणि दोन वर्गांना मिळून एक बाई, दुसऱ्या बाजूला दारात आलेली बस. दोन्हीमागे पैसा सरकारचाच. त्या फाटकासमोर उभी राहून जी आई बसकडे बोट दाखवते, तिनं निवड केली असं आपण म्हणतो.

निवडीचं दुसरं रूप खाणींनी दाखवलं. 2012 मध्ये सरकारच्या आणि न्यायालयाच्या आदेशानं लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. आमच्या भागात ज्यांचे दोन-दोन ट्रक होते ती घरं एका मोसमात जमिनीवर आली. विनाअनुदानित शाळेत फी भरून शिकणारी मुलं त्या वर्षी दाखले घेऊन आमच्याकडे आली. एक ट्रकवाला माझ्या ओळखीचा. दाखला टेबलावर ठेवताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मुलगा तोच होता, बापही तोच, बापाची इच्छाही तीच होती. मँगनीज आणि लोहाचा दर बाजारात आणि न्यायालयात ठरतो, आणि त्या दरावर मुलाचं माध्यम ठरत असेल तर इंग्रजीसाठी ग्रँट मागणाऱ्या पालकांची कळ मला कळते. त्यांचं म्हणणं साधं होतं: श्रीमंताला जे निवडता येतं ते आम्हाला का नाही? 2011 च्या सभेत आम्ही याला उत्तर दिलं नाही. आम्ही संस्कृतीबद्दल बोललो.

जगात हा वाद बराच जुना आहे, हे निवृत्तीनंतर वाचत गेले तेव्हा कळलं. 1955 साली मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं मांडलं की सरकारनं शाळा चालवत बसण्यापेक्षा पालकांच्या हाती तेवढ्या रकमेचं व्हाउचर द्यावं. गोव्यात प्राथमिकच्या ग्रँटचा निर्णय झाला त्याच 1990 साली विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात गरीब घरांतल्या मुलांसाठी तशी योजना सुरू झाली. तिच्यासाठी झगडल्या त्या पॉली विल्यम्स, एक कृष्णवर्णीय महिला आमदार. आपल्या वस्तीतल्या मुलांना शहरातल्या सरकारी शाळा न्याय देत नाहीत, हा त्यांचा संताप होता. पुढे उत्पन्नाची मर्यादा वाढवून योजना सुस्थितीतल्या घरांपर्यंत न्यायचं ठरू लागलं तेव्हा त्यांनीच विरोध केला. या बाईंबद्दल वाचताना मी बराच वेळ थांबले. ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यांच्या आधी दुसरेच आत शिरतात, हे त्यांना आतून दिसलं होतं.

चिली देशानं 1981 मध्ये सगळ्या देशालाच व्हाउचर लागू केलं. पुढे 1993 पासून ग्रँट घेणाऱ्या खाजगी शाळांना पालकांकडून वरचे पैसेही घेता येऊ लागले, मुलं निवडूनही घेता येत होती. दोन हजार सहा आणि अकरा साली तिथली मुलंच रस्त्यावर उतरली. 2015 च्या कायद्यानं मग वरची फी, मुलांची निवड आणि सरकारी पैशावर नफा, तिन्ही टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं. उलट नेदरलँड्समध्ये 1917 पासून सरकारी आणि खाजगी शाळांना सारखाच पैसा मिळतो, धार्मिक संस्थांच्या शाळांनाही, आणि तो समाज त्यावर शंभर वर्षं चालला आहे. तिथे शाळेला पालकांकडून सक्तीनं पैसे घेता येत नाहीत. म्हणून खाजगी शाळेला सरकारचा पैसा द्यावा की नाही, एवढ्याच प्रश्नावर मला आता हो किंवा नाही म्हणता येत नाही. माझं स्वतःचं घर त्या पैशावर उभं आहे. पैसा घेतल्यावर शाळेला मूल निवडता येतं का, हा माझा प्रश्न आहे.

कारण आमच्याकडे ते घडताना मी पाहिलं आहे. कायद्यात प्रवेशासाठी मुलांची चाळणी करायला मनाई आहे. कागदोपत्री आमच्याकडे चाळणी नव्हतीच. पण मे महिन्यात प्रवेशाचे अर्ज यायचे, त्यांत 'पालकांचा व्यवसाय' असा रकाना असायचा, आणि टेबलावर आपोआप दोन गठ्ठे व्हायचे. एका गठ्ठ्याला लगेच उत्तर, दुसऱ्याला 'जागा उरल्या तर कळवू'. दुसऱ्या गठ्ठ्यात बांधकामावरचे मजूर, मासळीच्या धक्क्यावरचे, सुरक्षारक्षक. त्या टेबलावर मी बसले आहे. गठ्ठे मी केले नाहीत, पण समोर होत होते आणि मी शाईचं पेन शोधत राहिले. त्याची लाज मला आज जास्त वाटते, कारण त्या टेबलाचाही पगार त्याच तिजोरीतून येत होता ज्यात त्या मजुरानं विकत घेतलेल्या सिमेंटच्या पोत्यावरचा करही जमा होतो.

6 मे 2014 ला कर्नाटकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला. प्राथमिक शाळेत मातृभाषेची सक्ती सरकारला करता येणार नाही, मुलाची मातृभाषा कुठली हेही सरकारनं नव्हे, पालकांनी सांगायचं. निकाल आला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये काहींना आनंद झाला, काहींना दुःख. मी दुःखी होणाऱ्यांत होते. आज मला त्यातला एक भाग बरोबर वाटतो. माझी मातृभाषा सरकारच्या कागदावर काय लिहायची, यावर गोव्यात दोन पिढ्या भांडल्या आहेत. माझ्या घरातच आईची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी. ती ठरवण्याचा हक्क मी कुठल्याही सचिवालयाला देणार नाही. पण निवडीचा हक्क आहे म्हणजे प्रत्येक निवडीचा खर्च सगळ्यांनी उचलायचा, असं त्या निकालातून निघत नाही. हक्क एक, मुठीतल्या तांदळांची वाटणी दुसरी. ती वाटणी आपण बसून ठरवायची असते.

मुलीनं नातवाला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं. मी विरोध केला नाही. तिनं मला विचारलं, तुला वाईट वाटलं का. मी खरं ते सांगितलं, हो वाटलं. आणि पाचवीत तुला बोलायला कुणी नव्हतं याचं त्याहून जास्त वाटलं. रोज संध्याकाळी मी नातवाला फोनवर एक गोष्ट सांगते, कोंकणीत, आणि शनिवार-रविवार आला की त्याच्याकडून मराठी अक्षरं गिरवून घेते. त्याला आजी आहे. निवृत्त शिक्षिका असलेली आजी. त्याचं होईल.

गावातल्या शाळेत आता 14 मुलं आहेत. त्यांतली 9 कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांतली. घरी कानडी किंवा लमाणी, अंगणात हिंदी, शाळेत मराठी. मराठी शाळेला पटावर आज ज्यांनी धरून ठेवलं आहे त्यांची मातृभाषा मराठी नाही आणि कोंकणीही नाही. आमच्या सगळ्या सभांत या मुलांचं नाव एकदाही आलं नव्हतं. घटनेच्या 350 अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक वर्गांत मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी असं म्हटलं आहे. आमच्या वाड्यावर कानडी वर्ग कोण काढणार? ती मुलं मात्र मराठी अशी वाचतात की ऐकत राहावं. तिसरीतल्या एका मुलीचा बाप गवंडी आहे. ती मला एकदा म्हणाली, घरी शाळेची चिठ्ठी आली की मीच वाचते. त्या घरात देवनागरी येणारं ते एकटंच माणूस.

या वर्षी पटसंख्या कमी म्हणून ही शाळा तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत मिळवायचं घाटू लागलं. मी ग्रामसभेला गेले. लिहून नेलेल्या ठरावात दोन गोष्टी होत्या. एक, शाळा मिळवू नये, एका बाईच्या जागी दोन द्याव्या आणि हायस्कुलाच्या बालरथात या मुलांनाही जागा असावी. दुसरी, पाचवीचं पहिलं वर्ष ग्रँट घेणाऱ्या प्रत्येक हायस्कुलानं दोन भाषांत शिकवावं, भूगोल, विज्ञान, गणित, सगळंच, आणि पहिल्या सहामाहीचा पेपर मुलाला हव्या त्या भाषेत लिहू द्यावा. इंग्रजीला नको म्हणू नये. तिच्यापर्यंत पोचायला एक वर्ष द्यावं. एवढीच मागणी. तिला नव्या इमारती लागत नाहीत. माझ्यासारख्या शिक्षकांनी व्हरांड्यात चोरून केलं ते वर्गात उघडपणे करायचं, एवढंच लागतं.

चर्चा बरी झाली. एक जण म्हणाला, आमची मुलं तिथे नाहीत, मग आम्ही कशाला भांडायचं. दुसऱ्यानं शाळेच्या जागेत व्यायामशाळा होईल असं सुचवलं. मग सचिवांनी हात वर करायला सांगितले आणि मोजायला सुरुवात केली. मागे दाराजवळ तो गवंडी उभा होता, मुलीला घेऊन. अर्ध्या दिवसाची मजुरी टाकून आला होता. त्यानं हात वर केला.

"तुजें नांव यादीत आसा?" पुढच्या खुर्चीवरून कुणीतरी विचारलं.

ग्रामसभेत मत मतदारयादीत नाव असलेल्याचं. त्याचं नाव विजापूरकडच्या एका गावात आहे. त्यानं हात खाली घेतला. मी उठून म्हटलं, या शाळेत ज्याचं मूल रोज जातं असा बाप इथे हाच दिसतो, त्याचा हात मोजू नका, पण त्यानं वर केला होता एवढं तरी लिहा. सचिव म्हणाले, तसा रकाना नाही, बाई. त्यांचं चुकलं नव्हतं. वहीत 23 असा आकडा गेला, ठराव मंजूर म्हणून नोंद झाली आणि वर पाठवला गेला. उत्तर अजून आलेलं नाही.

परतताना तो गवंडी पंचायतीच्या पायऱ्यांवर माझ्यासाठी थांबला होता. मोडक्या कोंकणीत त्यानं विचारलं, टीचर, हिला पाचवीत कुठल्या शाळेत घालायचं? पाचवीला अजून दोन वर्षं होती. घेणार कोण, त्या टेबलावर कुणी बसलं असेल, हे मला सांगता येईना. मी म्हटलं, रविवारी हिला घेऊन ये, भूगोलाचं पुस्तक आम्ही दोघी दोन्ही भाषांत वाचू.

"रविवारी माझा स्लॅब असतो," तो म्हणाला, "ती एकटी येईल."

मुलीनं विचारलं, किती वाजता?